डॉकवर राहिलेला शब्द

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आज गोदामात जे झालं ते, क्रमाने:

१. सकाळी १०.४०. सी गल्ली, चौदावा रॅक. चंद्रा शेलार रीच ट्रकने (उंच रॅकवरचा माल काढायची गाडी) तिसऱ्या मजल्यावरचं पॅलेट, म्हणजे लाकडी तळावर रचलेला माल, काढत होत्या.

२. पॅलेट दोन-तीन इंच जास्त उचललं गेलं. मालाचा माथा चौथ्या मजल्याच्या आडव्या बीमला खालून लागला.

३. बीमचं डावं टोक खांबाच्या खाचेतून सुटलं. चौथ्या मजल्यावरचं पॅलेट कललं. मिक्सरची ३६ खोकी खाली आली.

४. गल्लीत दुसरं कोणी नव्हतं. चंद्रा शेलार यांना इजा नाही. ट्रकच्या छताला पोचा.

५. बीमच्या डाव्या टोकाची लॉक पिन जागेवर नव्हती. जमिनीवर शोधली. पिन मिळाली नाही, तुकडाही नाही. उजव्या टोकाची पिन जागेवर होती.

६. रॅकची शेवटची तपासणी ३ ऑक्टोबर. सर्व ठीक. सही माझी.

७. गोदाम व्यवस्थापक मनोज सरांनी चंद्रा शेलार यांना ट्रकवरून उतरवलं. चौकशी होईपर्यंत त्या लेबलच्या टेबलावर बसतील.

८. गोदामाच्या सुरक्षेचं काम माझ्याकडे, म्हणून अहवाल मी लिहायचा आहे. इंग्रजीत. गुरुवारपर्यंत.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

अहवाल दिला. तीन पानं.

मनोज सर दोनदा वाचून म्हणाले, "ऋतिका, हे पुण्याला गेलं की तुझी परीक्षा अर्धी झाली समज."

परीक्षा १६ नोव्हेंबरला आहे. पुण्याच्या मुख्य कार्यालयात सुरक्षा अधिकाऱ्याची एक जागा आहे. डिप्लोमा चालतो, पण इंग्रजीचा पेपर पास व्हावा लागतो. त्यांनी २४० नामांची यादी पाठवली आहे, सगळी अवघड. धामणकर नाक्यावरच्या दुकानातून ती लॅमिनेट करून आणली. त्यातली अकरा नामं मी अहवालात वापरली. निग्लिजन्स, म्हणजे निष्काळजीपणा. कॉम्प्लेसन्सी, म्हणजे सगळं ठीकच आहे अशी बेफिकिरी. कॉन्ट्राव्हेन्शन, म्हणजे नियमाचं उल्लंघन. शब्द नेमक्या जागी बसला की नट पूर्ण आवळल्यासारखं वाटतं.

चंद्रा शेलार यांची सही घेतली. त्यांनी विचारलं, "कुठं करू?" मी जागा दाखवली. त्यांनी मराठीत पूर्ण नाव लिहिलं, सावकाश. एक प्रत त्यांना दिली. नियम आहे.

शनिवार, १८ ऑक्टोबर

चौकशीची तारीख आली: सोमवार, १७ नोव्हेंबर. पुण्याहून दोघे येणार. अहवाल मान्य झाला तर चंद्रा शेलार यांचा ट्रक चालवण्याचा परवाना रद्द होईल. लेबलच्या टेबलावर कायमची जागा नाही. म्हणजे काम संपलं.

काल्हेरच्या या गोदामांच्या पट्ट्यात रीच ट्रक चालवणारी दुसरी बाई माझ्या माहितीत नाही. हे अहवालात लिहिण्याचं कारण नव्हतं.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीत यादी दोनदा वाचली. स्वतःची चाचणी घेतली: ६० पैकी ३१. अ पासून सुरुवात केली की क येईपर्यंत अ पुसतो. घोकून काही राहत नाही.

बाबा अंगणातून म्हणाले, "त्या गोदामाच्या जाग्यावं आमी भात लावायचो. आता तिथं तुझं इंग्रजी पिकतंय. कापणी कवा?"

मी म्हटलं, सोळा तारखेला.

सोमवार, २७ ऑक्टोबर

चहाच्या सुट्टीत चंद्रा शेलार माझ्याकडे आल्या. हातात लेबलचा मेणकागद होता, स्टिकर काढल्यावर उरतो तो. त्यावर इंग्रजी अक्षरं एकेक करून काढलेली.

"मॅडम, ह्याचा अर्थ काय?"

कॉन्ट्राव्हेन्शन. मी सांगितलं: नियमाचं उल्लंघन.

"उल्लंघन," त्या म्हणाल्या. डोळे मिटले, उघडले. "ठेवला."

"कुठे?"

"ई गल्लीत, पयल्या रॅकला. तिथं पिवळा पट्टा हाय ना, वलांडायचा न्हाय तो."

टेबलावरची त्यांची जोडीदार निशा लेबलं चिकटवत होती. तिने मान वर केली. "चंद्राताई, इंटरव्यू है क्या? कलेक्टर व्हायचंय काय?"

"तुझ्या लग्नात भाषण करायचंय," त्या म्हणाल्या. निशाचं लेबल तिरकं चिकटलं.

चंद्रा शेलार वज्रेश्वरीच्या पुढच्या गावाहून येतात. दोन बस. दहावीपर्यंत शाळा. वय अडतीस.

बुधवार, २९ ऑक्टोबर

आज दोन शब्द विचारले: कॉम्प्लेसन्सी आणि ओमिशन.

जाता जाता मी त्यांना सोमवारचा शब्द विचारला. लगेच अर्थ आला, स्पेलिंगसह. मी सोमवारी पाठ केलेल्या वीसपैकी मला नऊ आठवत होते. मग पद्धत विचारली.

पद्धत अशी. आमच्या गोदामात २,४०० जागा आहेत. गल्ली, रॅक, मजला. इतर लोक स्कॅनर बघून जातात. चंद्राताईंना सगळ्या तोंडपाठ आहेत, कुठे काय आहे आणि कुठे काय असायचं तेही. त्या नवा शब्द त्यातल्या एका जागी नेऊन ठेवतात. आठवायचा झाला की ट्रक घेऊन तिथे जातात, मनातल्या मनात. कॉम्प्लेसन्सी बी-नऊला आहे, कारण तिथे गाद्या असतात.

"गादीव बसला मानूस, का त्याला वाटतं सगळं बेस चाललंय," त्या म्हणाल्या.

ओमिशन म्हणजे गाळणं, करायचं ते न करणं. ते डी-सातला, दुसऱ्या मजल्यावर. ती जागा रिकामी असते, खांबामुळे पॅलेट मावत नाही.

"आणि सारखे दिसणारे शब्द?"

"ते शेजारी ठेवायचे न्हाईत. तुमीच लावलाय ना नियम, सारखी खोकी शेजारच्या जागेत ठेवायची न्हाय म्हणून. चुकून भलताच माल उचलतात पोरं."

नियम मीच लावला आहे, मार्चमध्ये. तो मला माझ्या यादीला लावता आला नव्हता.

शनिवार, १ नोव्हेंबर

त्यांची पद्धत तीन दिवस वापरली. जेवणाच्या सुट्टीत गल्ल्यांतून चालत शब्द ठेवले. फोर्टिट्यूड, म्हणजे संकटातला धीर, एफ-दोनला, तळाशी, जिथे सर्वांत जड माल असतो. रेटिसन्स, म्हणजे मितभाषीपणा, इलेक्ट्रिकल खोलीच्या बंद दाराजवळ.

चाचणी: ६० पैकी ४४.

चंद्राताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "रेटिसन्स म्हंजे तुमीच की."

मी काही बोलले नाही. निशा हसली. चंद्राताई म्हणाल्या, "बघ."

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज त्यांनी निग्लिजन्स विचारला.

मी सांगितलं: निष्काळजीपणा. काळजी घ्यायला हवी होती, ती घेतली नाही.

त्यांनी डोळे मिटले नाहीत. मेणकागद घडी करून ओढणीच्या टोकाला बांधला. संध्याकाळी निघताना मी विचारलं, कुठे ठेवला?

"डॉकवरच हाय अजून."

म्हणजे माल उतरला, रॅकला लागला नाही. डॉकवर, म्हणजे ट्रकमधून माल उतरवायच्या ओट्यावर, फक्त तोच माल राहतो ज्याचं चलान जुळत नाही. बाकी कुठल्याही शब्दाला त्यांना पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागलेला नाही. शब्द अवघड असावा.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

प्रगतीची नोंद ठेवणं उपयोगी, म्हणून त्यांनी विचारलेले शब्द क्रमाने लिहिते: कॉन्ट्राव्हेन्शन, कॉम्प्लेसन्सी, ओमिशन, निग्लिजन्स, डिसरिगार्ड (दुर्लक्ष), रिकरन्स (पुन्हा घडणं), लायबिलिटी (भरपाईची जबाबदारी), प्रूडन्स (सावधपणा), अ‍ॅड्हिअरन्स (नियम पाळणं), डेट्रिमेंट (नुकसान), कल्पेबिलिटी.

अकरा शब्द. अकराही यादीतले आहेत, पण त्यांच्याकडे यादी नाही. मी देऊ केली होती. "आदी हातातला माल लावते," म्हणाल्या.

एकही अर्थ विसरलेल्या नाहीत. मी मुद्दाम उलटसुलट विचारले. कल्पेबिलिटी विचारला तर म्हणाल्या, "दोषी असणं," आणि मग स्वतःहून, "निग्लिजन्स पयला, मंग कल्पेबिलिटी. पयल्याचा मालक सापडला का दुसरं आपसूक त्याच्या दारात." पाठ्यपुस्तकात हा संबंध मला असा कुठे सापडला नव्हता. डिप्लोमाच्या वर्गात आम्ही बेचाळीस जण होतो. त्यांच्याइतका स्वच्छ विचार करणारे दोन असतील, त्यात मी असेन याची खात्री नाही.

सोळा तारीख झाली की त्यांना विचारणार आहे, पुढच्या परीक्षेला बसाल का. सतराची चौकशी अर्थातच आधी.

आजची चाचणी: ६० पैकी ५२.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

लिहायला वेळ लागतो आहे. जसं झालं तसं लिहिते.

साडेपाचला शिफ्ट संपली. निशा निघून गेली. चंद्राताई टेबलाशी थांबल्या. पिशवीतून त्यांनी अहवालाची प्रत काढली. घड्यांवर कागद मऊ झाला होता. अकरा शब्दांखाली पेन्सिलच्या रेघा होत्या. प्रत्येक रेघेच्या टोकाला बारीक अक्षरात जागेचा नंबर होता. ई-१. बी-९. डी-७.

अकरा. मी माझ्या हाताने सोळा ऑक्टोबरला लिहिलं होतं, अकरा वापरले. चार दिवसांपूर्वी परत लिहिलं, अकरा विचारले. एकाच वहीत.

"मॅडम, एक इचारायचं व्हतं. तुमाला त्या दिवशी वर जाता आलं न्हाय, ते कुटल्या वळीत हाय?"

मी म्हटलं, कुठल्या दिवशी?

"तपासनी व्हती ना, तीन तारखेला. दिवाळीच्या मालाची घाई व्हती. मी इचारलं, ट्रकच्या पाळण्यात घेऊन वर जाऊ का. तुमी म्हनालात, राहू दे, फोनवर दिसतंय."

मी कागद हातात घेतला. तिसऱ्या पानाच्या शेवटपर्यंत नजर फिरवली, जसं काही ते तिथे सापडणार होतं.

"नाहीये," मी म्हटलं.

"न्हाय ना?" त्यांच्या आवाजात सुटका होती, हे मला आत्ता लिहितानाही नीट समजत नाही. "मी पंदरा दिस शोधतेय. म्हटलं, तुमच्याइतकं बारीक कोन लिवतं, लिवलं असंलच, माझंच इंग्रजी कच्चं हाय."

मी विचारलं, सही करताना का नाही बोललात?

"तुमी लिवत व्हता की."

मग म्हणाल्या, "पॅलेट मी जास्त उचललं, ते खरं हाय. ते मी कुनाला बी सांगीन. पन पिन असती तर बीम सुटलं असतं का, ते तुमाला ठाऊक. तुमी शिकलेल्या."

पिन त्यासाठीच असते. खालून धक्का लागला तरी बीम खाचेतून उठू नये म्हणून. पॅलेट दोन-तीन इंच जास्त उचललं जाणं आठवड्यातून एकदा कोणाकडून तरी होतंच. तुकडा सापडला नाही, म्हणजे पिन तुटली नव्हती. ती आधीपासूनच नव्हती. चौदा ऑक्टोबरला मी पाचवा आणि सहावा मुद्दा एकाखाली एक लिहिला आणि वही मिटली. अहवालात पाचवा मुद्दा "पिन घटनेत गहाळ" असा गेला. सहावा गेलाच नाही.

निघताना त्या म्हणाल्या, "सा वाजताची बस हाय, येते." पेन्सिल टेबलावर विसरल्या. माझ्याकडे आहे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सकाळी सर्वांत आधी ३ ऑक्टोबरचे फोटो उघडले. सी-चौदाचा फोटो जमिनीवरून, झूम करून काढलेला. चौथ्या मजल्याचं डावं टोक खोक्याच्या आड आहे. तिथे पिन दिसत नाही. तिथे काहीच दिसत नाही. त्यासमोर मी टिक केली आहे.

मग वरची सगळी तपासणी परत केली, पाळण्यात, म्हणजे ट्रकला लावायच्या जाळीच्या पिंजऱ्यात, बसून. ट्रक भाविक या दुसऱ्या ड्रायव्हरने चालवला. तो झटक्याने उचलतो. चंद्राताई उचलायच्या तेव्हा वहीवर ठेवलेलं पेन घरंगळत नसे. हे मी दोन वर्षं अनुभवलं आणि कुठेही लिहिलं नाही.

चौथ्या मजल्यावर आणखी दोन पिना नाहीत. बी-नऊ आणि सी-सोळा. दोन्ही लगेच बसवल्या. बी-नऊच्या खाली लोडर दुपारी जेवायला बसतात.

मनोज सरांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ टेबलावरचा कॅलेंडरचा कागद सरळ करत होते.

"पिना बसवल्यास ना? मग झालं."

"अहवाल चुकीचा आहे, सर."

"अहवाल पुण्याला पोचलाय. त्यांना आवडलाय. रविवारी तुझा पेपर आहे. मिटलेलं कशाला उकरतेस?"

"मिटलेलं नाहीये. सोमवारी चौकशी आहे."

"सतराला बाई सही करेल, विषय संपेल. आपण तिला दुसरीकडे लावून देऊ, माझी ओळख आहे." मग हळू आवाजात, "तुझं नाव येईल, कळतंय का? सुरक्षा अधिकाऱ्याच्या जागेला तपासणी न करता सही करणारी मुलगी कोण घेईल?"

हा प्रश्न योग्य आहे. त्यांच्या जागी मी असते तर मीही घेतली नसती.

न लिहिण्याची कारणं प्रामाणिकपणे मांडते. जागा जाईल. कदाचित ही नोकरीही. बाबा विचारतील आणि मला पूर्ण उत्तर द्यावं लागेल. आणि सर्वांत खालचं कारण, जे लिहायला मला नको वाटतं: अहवाल चांगला लिहिला गेला होता. मला तो आवडला होता. त्यातले शब्द मी कोणाला तरी दाखवण्यासाठी वापरले, आणि ज्यांच्यावर ते वापरले त्यांनी एकेक उचलून अर्थ लावला, पंधरा दिवस, दोन बसमध्ये, माझ्याबद्दल चांगलं गृहीत धरून.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

पुरवणी अहवाल लिहिला. मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही सारखे. इंग्रजीत यादीतली फक्त दोन नामं आहेत. ती काढता आली नाहीत, कारण घडलेली गोष्ट तीच आहे.

पाठवण्याआधी चंद्राताईंना वाचायला दिला. त्यांनी इंग्रजीचं पान आधी घेतलं. बोट ठेवत वाचलं, आठ मिनिटं. निशा लेबलं सोडून बघत बसली होती. तिलाही कळलं होतं की आज चेष्टा करायची नाही.

ओमिशनवर थांबल्या. "डी-सात," म्हणाल्या. पुढे गेल्या. निग्लिजन्सवर पोचल्या, तो माझा आहे हे वाचलं, आणि डोळे मिटले.

"लागला?" मी विचारलं.

"लागला." मग माझ्याकडे बघून, "सी-चौदा, चौथा. पन मॅडम, तिथं पिन बसवलीत ना आता?"

"बसवली. वर जाऊन."

"मंग ऱ्हाऊ दे तिथं. पडायचा न्हाय."

एक दुरुस्ती त्यांनी सुचवली. पॅलेट जास्त उचललं गेलं हे वाक्य मी दुसऱ्या मुद्द्यात घातलं होतं, "किंचित" असा शब्द लावून. त्यांनी तो खोडायला सांगितला. "किती उचललं ते लिवा. इंच लिवा." मी इंच लिहिले.

दुपारी २.१० ला ईमेल केला. मराठी पानाची नक्कल इथे ठेवते.

*प्रति: सुरक्षा विभाग, मुख्य कार्यालय, पुणे. प्रत: श्री. मनोज, गोदाम व्यवस्थापक, काल्हेर. श्रीमती चंद्रा शेलार.*

*विषय: १४ ऑक्टोबरच्या घटनेचा पुरवणी अहवाल*

*१. १६ ऑक्टोबरचा अहवाल मी लिहिला होता. त्यात दोन गोष्टी चुकीच्या किंवा अपुऱ्या आहेत.*

*२. श्रीमती शेलार यांच्याकडून पॅलेट दोन ते तीन इंच जास्त उचललं गेलं. हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. लॉक पिन जागेवर असती तर इतक्या धक्क्याने बीम सुटलं नसतं.*

*३. पिन घटनेत तुटली किंवा हरवली नाही. ती आधीपासूनच नव्हती. ३ ऑक्टोबरच्या तपासणीत मी चौथ्या मजल्यावर गेले नाही. जमिनीवरून फोटो काढून "ठीक" अशी नोंद केली. श्रीमती शेलार यांनी मला वर नेण्याची तयारी दाखवली होती. मी नकार दिला. तपासणी गाळणं आणि त्यातला निष्काळजीपणा माझा आहे.*

*४. काल, १२ नोव्हेंबरला, वर जाऊन तपासल्यावर आणखी दोन पिना नसल्याचं आढळलं. त्या बसवल्या आहेत. फोटो जोडले आहेत. या वेळी जवळून काढलेले आहेत.*

*५. पहिल्या अहवालातले श्रीमती शेलार यांच्याविषयीचे निष्कर्ष मी मागे घेते. त्यांना ट्रकच्या कामावर परत घ्यावं अशी शिफारस करते. त्यांना या गोदामातल्या सर्व २,४०० जागा पाठ आहेत. यापुढे महिन्याची वरच्या मजल्यांची तपासणी त्यांच्या ट्रकवरून व्हावी आणि तपासणीच्या कागदावर त्यांचीही सही असावी. कागद त्यांनी वाचून मगच सही करावी.*

*६. रविवारच्या परीक्षेला मी बसणार आहे. वरील मजकूर पाहून माझा अर्ज ठेवायचा की नाही हे आपण ठरवावं.*

*७. श्रीमती शेलार यांची चौकशी सोमवारी आहे. त्यांना पहाटेची बस धरून यावं लागतं आणि कोणत्या कामासाठी यायचं हे त्यांना आधी कळायला हवं. म्हणून शनिवार, १५ नोव्हेंबर, दुपारी तीन वाजेपर्यंत लेखी उत्तर द्यावं, ही विनंती.*

*ऋतिका तरे*